ट्रायथलॉनसाठी सायकल घेताय? भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर कोणती चालेल आणि फ्रेमचं माप कसं काढायचं

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले की आमच्याकडे हमखास एक प्रश्न येतो, "ट्रायथलॉनची सायकल घ्यायची आहे, कुठली घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा तिशीच्या आतला असतो. नोकरी पुण्यात, घर भोर, नसरापूर किंवा वेल्ह्याच्या बाजूला, आणि हाताशी दोन-तीन वर्षांची बचत. आम्ही उलट विचारतो, "तुमच्या पायाची आतली लांबी किती?" समोर शांतता. कंपनी ठरलेली असते, रंग ठरलेला असतो, पण स्वतःचं माप माहीत नसतं. चुकीच्या गिअरची सायकल नंतर दुरुस्त करता येते. चुकीच्या मापाची फ्रेम मात्र कुठलाही मेकॅनिक लहान-मोठी करून देऊ शकत नाही. त्या मापाविषयी, आणि आपल्या दोन तालुक्यांतल्या रस्त्यांना कुठली सायकल मानवते याविषयी हा लेख आहे.

आधी स्पर्धेची तोंडओळख. पोहणे, सायकल आणि धावणे, तिन्ही लागोपाठ, मध्ये घड्याळ थांबत नाही. स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिम्पिक प्रकारात याच्या दुप्पट. गोव्यात होते ती ७०.३, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. पूर्ण आयर्नमॅन त्याच्या दुप्पट. १९७८ मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर फक्त १५ जण होते. गोव्यातली स्पर्धा २०१९ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांना हे स्वप्न एका रात्रीच्या प्रवासाइतकं जवळ आलं.

कुठल्याही प्रकारात सर्वांत जास्त वेळ सायकलवर जातो आणि सर्वांत जास्त पैसाही तिथेच जातो. म्हणून चूकही तिथेच महागात पडते.

ट्रायथलॉन बाइक वेगळी का असते

सपाट रस्त्यावर जोरात जाताना तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि हवेला अडवतं ते सायकलपेक्षा तुमचं शरीर. म्हणून कोपर टेकवून, हात पुढे एकत्र धरून वाकून बसायची पद्धत आली. त्यासाठी हँडलवर पुढे दोन दांडे असतात, त्यांना एरो बार म्हणतात. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँडने शेवटच्या दिवशी असेच बार वापरले आणि अवघ्या ८ सेकंदांनी शर्यत जिंकली. ट्रायथलॉनवाले त्याच्या आधीपासूनच ते वापरत होते.

पण नुसतं पुढे वाकलं की गुडघा पोटात येतो, श्वास कोंडतो आणि मांडीचा वरचा भाग आखडतो. त्यावर उपाय म्हणून ट्रायथलॉन बाइकमध्ये सीटच पुढे आणली. सीटची नळी जमिनीशी जो कोन करते तो साध्या रोड बाइकमध्ये ७२ ते ७४ अंश असतो, ट्रायथलॉन बाइकमध्ये ७६ ते ८० किंवा त्याहून जास्त. नमाजमध्ये रुकूला जाताना कंबरेतून वाकतो तेव्हा धड आणि मांडी यांच्यामध्ये जो कोन होतो, तोच कोन सायकलवर मोकळा राहायला हवा. सीट पुढे घेतली की सगळं शरीर पॅडलच्या एक्सलभोवती पुढे फिरतं, पाठ खाली जाते, पण हा कोन मिटत नाही. सायकलवरून उतरून पुढे २१ किलोमीटर धावायचं असतं, तेव्हा याचा फायदा कळतो.

एक नियमही लक्षात ठेवा. आयर्नमॅनसारख्या स्पर्धेत दुसऱ्याच्या मागे चिकटून हवा वाचवायला बंदी असते, मध्ये १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं. म्हणून तिथे एरो बारचं महत्त्व. ऑलिम्पिकमध्ये उलट, तिथे घोळक्यात चालवायची परवानगी आहे आणि म्हणूनच खेळाडू वळणदार हँडलच्या रोड बाइकवरच असतात. म्हणजे "ट्रायथलॉनला ट्रायथलॉन बाइकच लागते" हे सरसकट खरं नाही.

आपले रस्ते काय सांगतात

पुण्याहून निघालेला सायकलवाला कात्रजच्या जुन्या घाटाने चढतो, पलीकडे उतरून खेड शिवापूरला हजरत कमर अली दरवेश यांच्या दर्ग्याच्या कमानीपाशी पाणी पितो, आणि पुढे चेलाडी फाट्याला त्याच्यापुढे दोन वाटा असतात. उजवीकडे नसरापूर, मार्गासनी करत वेल्हे. सरळ गेलं तर कापूरहोळ आणि तिथून वळून भोर. वेल्ह्याचा रस्ता वरखाली आहे. वेल्ह्यातून पाबे खिंडीने खानापूरकडे निघालात तर चढ सरळ छातीवर येतो. भोरकडचा रस्ता भाटघर धरणापर्यंत बरा, पण भोरच्या पुढे वरंध घाटाकडे निघालात की निरा देवघरचा जलाशय बाजूला घेत वळणामागून वळण. वाईकडे जायचं म्हटलं तरी मध्ये मांढरदेवीचा घाट आहेच. पावसाळ्यात वरंध घाट दरडींमुळे वारंवार बंद होतो. इतरत्रही जूननंतर रस्त्यावर शेवाळ, खडी आणि म्हशी, तिन्ही गोष्टी गृहीत धरूनच निघावं.

आता या रस्त्यावर ट्रायथलॉन बाइक घालून बघा. तिचे गिअर एरो बारच्या टोकाला आणि ब्रेक बाहेरच्या हँडलला. म्हणजे कोपर टेकवून बसलात की ब्रेक हाताशी नाही. सपाट, मोकळ्या रस्त्याला हे चालतं. पाबे खिंड उतरताना वळणावर अचानक एसटी समोर आली, तर हात बारवरून ब्रेकपर्यंत न्यायला लागणारा अर्धा सेकंद फार मोठा असतो. चढाला तर एरो स्थितीचा उपयोगच नाही, वेग इतका कमी होतो की हवा अडवतच नाही. आणि उंच रिमची चाकं दरीकडून येणाऱ्या आडव्या वाऱ्यात पुढचं चाक हिसकतात.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा कित्येकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून परदेशी सायकलपटू पाहिले. आपल्या जिल्ह्यातले घाट त्यांनी ज्या सायकलींवर चढले, त्या रोड बाइक होत्या. एरो बार नव्हते. घोळक्याच्या शर्यतीत ते चालतच नाहीत.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. सराव भोर-वेल्ह्यात करणार असाल आणि ही तुमची पहिली चांगली सायकल असेल, तर योग्य मापाची रोड बाइक घ्या आणि तिला बसवता येणारे सुटे एरो बार लावा. गोव्याच्या मार्गावर मोठा घाट नाही, चढ आहेत ते लहान. तिथे असे बार लावलेली रोड बाइक व्यवस्थित चालते. ट्रायथलॉन बाइक दुसरी सायकल म्हणून घ्यावी. एक-दोन स्पर्धा पूर्ण झाल्यावर, शरीर तासभर एरो स्थितीत टिकतं हे कळल्यावर, आणि सपाट रस्त्यावर सरावाची सोय असेल तर.

माप: ५२, ५४, मीडियम याचा अर्थ काय

आपल्या वडिलांच्या काळी सायकल बावीस इंची नाहीतर चोवीस इंची. बस्स. चोवीस इंची म्हणजे जवळपास ६१ सेंटिमीटरची फ्रेम. पाय पुरत नसला तर नळीखालून पाय घालून कैची मारत शिकायचं. "मोठी घेऊन ठेव, पोरगं वाढेल" हा हिशोब तिथूनच आपल्या डोक्यात बसलाय. स्पर्धेच्या सायकलीला हा हिशोब लावू नका. लहान फ्रेम थोडीफार वाढवून घेता येते, सीटपोस्ट वर, स्टेम लांब. मोठी फ्रेम लहान करता येत नाही. दोन मापांच्या मध्ये अडकलात आणि एरो बार लावायचे असतील, तर शक्यतो लहान माप धरा.

सुरुवात घरीच करा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायात सहा इंचांचं अंतर ठेवून उभे राहा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर सरकवा. दुसऱ्याला भिंतीवर पेन्सिलीने खूण करायला सांगा. जमिनीपासून खुणेपर्यंत तुमची आतली लांबी. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. पँटच्या शिवणीचं माप इथे चालत नाही, ते बरंच कमी येतं.

समजा उंची १६८ सेंटिमीटर आणि आतली लांबी ७८ निघाली. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की पॅडलच्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर येतं, इथे साधारण ६९ सेंटिमीटर. ०.६५ ते ०.६७ ने गुणलं की जुन्या पद्धतीचं फ्रेमचं माप, म्हणजे ५१ ते ५२. हा पहिला अंदाज, निकाल नव्हे. कारण दोन माणसांची उंची सारखी असून एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असू शकतं. दोघांना एकच सायकल बसणार नाही.

शिवाय ५२ किंवा 'मीडियम' हे आकडे आज कंपनीगणिक बदलतात. एकीची ५२ दुसरीच्या ५४ एवढी निघते. नळ्या तिरक्या झाल्यापासून सीटच्या नळीची लांबी फारसं काही सांगत नाही. म्हणून दोन आकडे विचारा, स्टॅक आणि रीच. पॅडलच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, हँडलच्या नळीच्या माथ्याच्या पातळीपर्यंतची उंची म्हणजे स्टॅक. त्याच एक्सलवरून काढलेल्या उभ्या रेषेपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. हे दोन्ही कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मापासाठी मिलिमीटरमध्ये दिलेले असतात. सीट पुढे-मागे, वर-खाली करता येते, पण हे दोन आकडे फ्रेमबरोबर कायमचे आले. दुकानदार म्हणाला "साहेब, तुमच्या उंचीला मीडियमच", तर शांतपणे म्हणा, स्टॅक-रीच दाखवा. दाखवू शकला नाही तर चहा पिऊन निघा.

या दोन आकड्यांची तुलना करायची कशाशी? ज्या सायकलवर तुम्ही तासभर आरामात बसता तिच्याशी. मित्राची, भाड्याची, कुठलीही. तिचा स्टॅक आणि रीच काढा, हँडल जवळ वाटतं की लांब ते लिहून ठेवा. स्टॅक कमी म्हणजे हँडल खाली, जास्त वाकावं लागणार. ज्याला बसून पायाच्या अंगठ्याला हात लावता येत नाही, त्याने बुटकी ट्रायथलॉन फ्रेम घेऊन मानेचा आजार विकत घेऊ नये. आम्ही अशा सायकली पाहिल्यात की ज्यांच्या हँडलखाली वॉशरची चळत लावलीय आणि स्टेम आकाशाकडे तोंड करून उभा आहे. ती फ्रेम चुकलेली असते, एवढंच.

ट्रायथलॉन बाइकला आणखी एक पायरी. तिथे हँडल महत्त्वाचं नाही, कोपराखालची गादी महत्त्वाची. फिटिंग करणारा जाणकार आधी तुम्हाला योग्य स्थितीत बसवतो, गादीची उंची आणि पुढचं अंतर मोजतो, आणि मग कुठल्या फ्रेमवर ते बसेल ते शोधतो. आधी माणूस, मग सायकल. आपल्याकडे बहुतेक जण आधी सायकल घेतात आणि मग फिटिंगला जातात. पुण्यात फिटिंग करणारे आहेत. त्यांची फी सायकलच्या किमतीपुढे काहीच नाही. खरेदीच्या आधी जा.

रोड बाइकवर एरो बार लावताना

सुटे बार लावले आणि बाकी काही बदललं नाही, तर शरीर ताणलं जातं आणि पंधरा मिनिटांत तुम्ही बार सोडून वर बसता. मग ते बार नुसती शोभा. सीट पुढे घ्यावी लागते. हिशोब सोपा आहे. सीटची उंची ७० सेंटिमीटर असेल तर एक अंशासाठी सुमारे १.२ सेंटिमीटर. ७३ वरून ७७ अंशांवर जायचं तर जवळपास ५ सेंटिमीटर सीट पुढे. नेहमीच्या सीटच्या रेलवर एवढी जागा बहुधा नसते, म्हणून पुढे वळलेला सीटपोस्ट मिळतो तो लावा, स्टेम आखूड करा, आणि सीट पुढे घेतली की ती थोडी वरही करा. पूर्ण ५ सेंटिमीटर नाही जमलं तरी ३ सेंटिमीटरनेही फरक पडतो. घाटात चालवायचं असेल त्या आठवड्यात सीट परत मागे. दोन्ही जागांवर सीटपोस्टला पांढऱ्या टेपची खूण करून ठेवा.

तपासायची खूण: एरो स्थितीत वरचा हात जमिनीला जवळजवळ काटकोनात, कोपर ९० अंशांपेक्षा थोडं उघडं, पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला. हातांनी ओढून धरावं लागत असेल किंवा सारखं मागे सरकावंसं वाटत असेल तर माप अजून जमलेलं नाही.

गिअर आणि टायरबद्दल थोडक्यात. पुढे ५०-३४ दात्यांची जोडी आणि मागे ३२ किंवा ३४ पर्यंतची कॅसेट घ्या. काही ट्रायथलॉन बाइकला मागे २५ किंवा २८ वरच थांबणारी कॅसेट असते. पाबे खिंडीत ती गुडघ्याचा हिशोब करते. टायर २८ मिलिमीटरचे. जुन्या एरो फ्रेममध्ये २५ च्या पुढे टायर बसत नाही, हे घेण्याआधी बघा. डिस्क ब्रेक असतील तर उत्तम. कार्बन रिमवर घासणारे ब्रेक लांब उतारावर रिम तापवतात. सीटपोस्ट गोल, स्टेम सुटा, केबल हाताला लागेल अशी बाहेर असलेली सायकल शक्यतो निवडा. ज्या सायकलीचा एक स्क्रू हरवला तर तो परदेशातून मागवावा लागतो, ती वेल्ह्यात बंद पडली की टेम्पोतूनच परत येते.

बहिणींसाठी

उंची १६० च्या आसपास किंवा कमी असेल तर दुकानात "लेडीज मॉडेल" म्हणून जे दाखवतात त्यापेक्षा खरं लहान माप मागा, क्रँक १६५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड, आणि ब्रेकचा दांडा बोटांत येतो का ते पाहा. कपड्यांचा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. अंग झाकून, डोकं झाकून ट्रायथलॉन करता येतं. इराणच्या शिरीन गेरामी यांनी २०१३ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत पूर्ण अंग झाकणाऱ्या पोशाखात भाग घेतला, आणि २०१६ मध्ये हवाईची आयर्नमॅन पूर्ण केली. मात्र सैल सलवार किंवा ओढणी चेनजवळ येऊ देऊ नका. घोट्याला पट्टी बांधा, हेल्मेटखाली पातळ, बिनपिनेचा हिजाब वापरा, आणि फिटिंगला जाताना तोच पोशाख घालून जा. जाड कपड्याने सीटची उंची बदलते.

पैसा

सुटे एरो बार काही हजारांत येतात, चांगली ट्रायथलॉन बाइक लाखांत. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा आहे. दुकानात "नो कॉस्ट ईएमआय" समोर ठेवतात. नाव काहीही असो, त्यात बहुतेक वेळा व्याज कुठेतरी बसवलेलं असतं. कधी रोखीवर मिळणारी सूट काढून घेतात, कधी प्रोसेसिंग फी लावतात. ज्यांना व्याजापासून दूर राहायचं आहे त्यांनी कागद नीट वाचावा, शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं. आमचं साधं म्हणणं असं की छंदासाठी व्याज भरू नका. अॅल्युमिनियमची योग्य मापाची सायकल कर्जावरच्या कार्बनपेक्षा जास्त पळते.

जुनी सायकल हा चांगला मार्ग आहे. पुण्यात एक-दोन स्पर्धांनंतर धूळ खात पडलेल्या ट्रायथलॉन बाइक बऱ्याच असतात. मूळ बिल मागा आणि फ्रेमवरचा नंबर त्याच्याशी जुळवा. कार्बन असेल तर हँडलची नळी, सीटचा क्लॅम्प आणि पॅडलच्या एक्सलभोवती उन्हात बघा, नाण्याने हलकेच वाजवा. एका जागी आवाज बोदा आला तर सोडून द्या. चेन किती झिजलीय ते मोजायचं छोटं माप मेकॅनिककडे असतं. विकणाऱ्यांनाही एक सांगणं, सायकल पडलेली असेल तर आधी सांगा. मालाचा ऐब लपवून विकणं आपल्याकडे जायज नाही, आणि इथे तर खालचा माणूस ५० च्या वेगाने घाट उतरणार आहे.

आणि मेकॅनिक. "पंक्चरवाला" हा शब्द आपल्या पोरांना टोमणा म्हणून ऐकवला जातो. पण चाकाच्या ताऱ्या हाताने वाजवून रिम सरळ करणारा जुना कारागीर आजही किती कमी आहे, हे एकदा चाक वाकल्यावर कळतं. तालुक्याच्या गावात असा एखादा चाचा असेल तर नवी सायकल घेण्याआधी त्याला फोटो दाखवा, कुठले भाग त्याच्याकडे दुरुस्त होतील ते विचारा. ज्या तरुणांचं घरचं दुकान आहे त्यांनी फिटिंगचं काम शिकून घ्यावं. मोजपट्टी, लंबक, कोन मोजायचं साधन आणि पाहायची नजर, एवढ्यावर सुरुवात होते.

सायकल हातात आल्यावर पहिले दोन आठवडे फजरनंतर नसरापूर-मार्गासनी एवढंच करा, एरो स्थितीत दहा-दहा मिनिटं. दर आठवड्याला फक्त एक गोष्ट बदला, तीही ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि वहीत लिहा. रमजानमध्ये माप बदलायला जाऊ नका. रोज्यात शरीर थकलेलं असतं, दुखणं फिटिंगचं की थकव्याचं ते कळत नाही. गोव्याला नेण्यासाठी सायकल खोलून पेटीत भरायच्या आधी सीटची उंची, सीटच्या टोकापासून गादीपर्यंतचं अंतर आणि गादीची उंची, हे तीन आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, मगरिबच्या घाईत, हॉटेलच्या खोलीत सायकल परत जोडताना तेच कामी येतात.